फळीवरची रिकामी जागा

देशांतर करणारा माणूस बरोबर फार थोडे नेऊ शकतो. अंगावरचे कपडे, चार कागदपत्रे, एखादी तसबीर, आईने हातात ठेवलेली जपमाळ. पण ज्याचे ओझे होत नाही आणि ज्यावर कोणत्याही नाक्यावर जकात पडत नाही असा एक ऐवज त्याच्याबरोबर जातोच जातो. तो म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी. परमुलखात कालांतराने काम मिळते, छप्पर मिळते, नागरिकत्वही मिळते. त्या गोष्टींना तेथील पुस्तकांत जागा मिळण्यास मात्र पिढ्या खर्ची पडतात. अमेरिकेतील लॅटिनो समाजाच्या कुमारवयीन कथा-कादंबरीचा इतिहास हा अशाच एका जागेसाठी केलेल्या दीर्घ खटपटीचा इतिहास आहे. साधारणपणे दहा ते चौदा या वयाच्या मुलांसाठी लिहिल्या गेलेल्या या साहित्याकडे आमच्या वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते. या समाजाची श्रद्धा आपल्या ओळखीची आहे आणि त्याच्यापुढील प्रश्नही आपल्याला अगदीच परके नाहीत.

प्रथम हा समाज कोणता ते पाहू. ज्यांची मुळे लॅटिन अमेरिकेतील देशांत आहेत अशा लोकांना अमेरिकेत लॅटिनो म्हणतात. हे सारेच काही बाहेरून आलेले नव्हेत. १८४८ साली झालेल्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख अमेरिकेच्या ताब्यात गेला. तेथील कुटुंबे जागची हलली नव्हती. सरहद्दच त्यांच्या अंगणावरून पलीकडे सरकली. १८९८ च्या युद्धानंतर स्पेनने प्वेर्तो रिको हे बेट अमेरिकेला दिले आणि १९१७ साली तेथील रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. पुढे मेक्सिकोतून शेतमजूर आले, क्यूबातून निर्वासित आले, डोमिनिकन प्रजासत्ताकातून हुकूमशाहीला कंटाळलेली कुटुंबे आली. २०२० च्या जनगणनेत या समाजाची संख्या सुमारे ६ कोटी २१ लाख भरली. परंपरेने तो बहुतांशी कॅथलिक आहे. ग्वादालुपे मातेची तसबीर, नाताळचा गोठा, तीन राजांचा सण आणि मृतांच्या स्मरणाचा नोव्हेंबर हे त्यांच्या घरांतील वर्षाचे टप्पे होत.

एवढ्या मोठ्या समाजाची मुले शाळेत जाऊ लागली, ग्रंथालयाच्या पायऱ्या चढू लागली, तेव्हा तेथील पुस्तकांत त्यांना काय आढळले? या प्रश्नाचा छडा लावणारी पहिली व्यक्ती एक साधी ग्रंथालय-सेविका होती. तिचे नाव पूरा बेल्प्रे. प्वेर्तो रिकोतील सिद्रा या गावी जन्मलेली ही तरुणी १९२० साली बहिणीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला आली आणि तेथेच राहिली. १९२१ साली हार्लेम भागातील १३५ व्या रस्त्यावरील सार्वजनिक ग्रंथालयाच्या शाखेत तिला काम मिळाले. त्या ग्रंथालयाच्या सेवेत दाखल झालेली ती पहिली प्वेर्तो रिकन. मुलांच्या विभागात लोककथांच्या फळ्या लावताना तिला दिसून आले, की जगभरच्या देशांच्या कथा तेथे आहेत. तिच्या बेटाची एकही नाही. फळीवरची ती रिकामी जागा तिच्या मनात कायमची रुतून बसली.

ग्रंथपालनाचे शिक्षण घेत असताना कथाकथनाच्या वर्गासाठी तिने आजीकडून ऐकलेली एक गोष्ट लिहून काढली. मार्टिना नावाची देखणी झुरळीण आणि पेरेस नावाचा उमदा उंदीर यांच्या लग्नाची ही गोष्ट. आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीसारखीच ती तोंडोतोंडी चालत आलेली. नाताळसाठी शिजत ठेवलेल्या पक्वान्नाच्या मोहाने पेरेस पातेल्यात डोकावतो आणि आत पडून मरतो; मार्टिना जन्मभर त्याच्यासाठी शोक करते. ग्रंथालयाच्या कथा-तासाला छापील पुस्तकातीलच गोष्ट सांगावी असा तेव्हा दंडक होता. बेल्प्रेबाईंना त्यातून सवलत देण्यात आली. पुढे १९३२ साली ‘पेरेस आणि मार्टिना’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्या फळीवर पहिले पुस्तक आले.

बेल्प्रेबाईंचे कार्य पुस्तकापुरते राहिले नाही. प्वेर्तो रिकन वस्ती वाढली तशी १९२९ साली त्यांची बदली ११५ व्या रस्त्यावरील शाखेत झाली. ग्रंथालय हे इंग्रजी जाणणाऱ्यांचे, आपले तेथे काय काम, असे मानणाऱ्या आयांना त्यांनी आत बोलावले. इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत गोष्टी सांगितल्या, कळसूत्री बाहुल्या नाचवल्या. ६ जानेवारीचा तीन राजांचा सण ग्रंथालयात साजरा होऊ लागला. ज्या सणासाठी बेटावरील मुले रात्री उंटांसाठी गवताची पेंढी ठेवून झोपत, तो सण परक्या शहराच्या सार्वजनिक वास्तूत पाहून त्या मुलांना काय वाटले असेल! आपला धर्म, आपली भाषा आणि आपली गोष्ट ही घरात लपवून ठेवण्याची चीज आहे, असे मानणाऱ्या मुलाला तिने सांगितले की ती चारचौघांत मांडण्याजोगी आहे.

तथापि, लोककथा छापणे आणि आजच्या मुलाचे आजचे आयुष्य कादंबरीत आणणे यांत मोठे अंतर आहे. हे दुसरे काम पुष्कळ काळ इतरांच्या हाती होते. त्यातील सारेच लेखन वाईट होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५४ साली बालसाहित्यासाठीचे प्रतिष्ठेचे न्यूबेरी पदक जोसेफ क्रमगोल्ड यांच्या ‘आणि आता मिगेल’ या कादंबरीस मिळाले. न्यू मेक्सिकोतील मेंढपाळ कुटुंबातील मिगेल चावेस या मुलाची ही कथा. मोठ्या माणसांबरोबर आपणही कळप घेऊन डोंगरावर जावे म्हणून तो शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिद्रो यास साकडे घालतो. आणि ती मागणी पुरी होते तीही अशा रीतीने, की तिची किंमत घरातल्या दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते. क्रमगोल्ड यांनी त्या कुटुंबात राहून, त्यांचे जीवन प्रथम चित्रपटात टिपून, मग हे पुस्तक लिहिले. त्यात आदर आहे, जिव्हाळा आहे. परंतु पाहुणा कितीही सज्जन असला तरी घरातील सारीच दारे त्याला उघडी नसतात. आणि घराविषयी बोलण्याचा अधिकार पाहुण्यालाच मिळत राहिला, तर घरातील मुले आपल्याविषयी बोलायचे कसे हे शिकणार तरी कुठे?

स्वतः बेल्प्रेबाईंनीही एक कादंबरी लिहिली होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या प्वेर्तो रिकोतील मळ्यावर सुट्टीसाठी परतलेल्या एका मुलीची ही कथा त्यांनी १९४० च्या दशकात लिहिली. ती हस्तलिखितच राहिली. तिचे पुढे काय झाले ते यथाकाल सांगू.

वारे फिरले ते १९६० च्या दशकात. कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या मजुरांनी सेसार चावेस यांच्या नेतृत्वाखाली १९६६ च्या प्रायश्चित्तकाळात डेलानो ते सॅक्रामेंटो अशी सुमारे ३०० मैलांची पदयात्रा काढली. पुढे ग्वादालुपे मातेची पताका होती आणि यात्रा ईस्टरच्या रविवारी राजधानीत पोहोचली. त्या चळवळीतून मजुरीच्या दराबरोबर आणखी एक मागणी पुढे आली : आमच्या मुलांना आमचा इतिहास शिकवा. शाळा-महाविद्यालयांत नवे अभ्यासक्रम सुरू झाले आणि त्यांसाठी पुस्तके हवी होती.

१९७३ साली निकोलासा मोर यांची ‘निल्डा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या बारिओत, म्हणजे स्पॅनिश वस्तीत, वाढणाऱ्या प्वेर्तो रिकन मुलीची ती कथा आहे. लेखिका मूळची चित्रकार. पुस्तकातील चित्रेही तिचीच. गरीब वस्ती म्हटली की टोळ्या, अमली पदार्थ आणि सुऱ्या एवढेच ज्यांना अपेक्षित होते, त्यांना तिने एक साधी मुलगी दिली. मदतकचेरीत ताटकळणारी, आईचा अपमान मुकाट्याने पाहणारी, चित्रे काढण्यात आपले दुःख विसरणारी अशी ही निल्डा आहे. १९७९ साली निकोलास कानेयोस यांनी ‘आर्ते पूब्लिको’ ही पुढे ह्यूस्टन येथे स्थिरावलेली प्रकाशनसंस्था काढली. मोठ्या प्रकाशकांनी ज्यांच्याकडे पाहिले नव्हते अशा लेखकांना तेथे दार उघडे झाले. सांद्रा सिस्नेरोस यांचे ‘मँगो स्ट्रीटवरील घर’ हे १९८४ साली तेथूनच बाहेर पडले आणि पुढे ते देशभरच्या शाळांत वाचले जाऊ लागले. १९९० साली गॅरी सोतो यांचा ‘एप्रिलमधील बेसबॉल’ हा कथासंग्रह आला. फ्रेझ्नो शहरातील मुलांचे खेळ, फजिती, पहिले प्रेम, गिटारची हौस यांच्या या लहान लहान कथांत कोणी थोर पुरुष नाही आणि कोणी खलपुरुषही नाही. सामान्य असण्याचा हक्क हाही एक मोठा हक्क आहे, हे या कथांनी दाखवले.

१९९७ साली फ्रान्सिस्को हिमेनेस यांचे ‘फेरा’ हे पुस्तक आले. लेखकाचे बालपण मेक्सिकोतून सरहद्द ओलांडून आलेल्या शेतमजूर कुटुंबात गेले. स्ट्रॉबेरी, द्राक्षे, कापूस असा हंगामाचा फेरा आणि दर हंगामाला नवी झोपडी, नवी शाळा. इंग्रजी न समजणारा लहानगा वर्गात बसून बरणीतील सुरवंट पाहत राहतो; त्याचे फुलपाखरू होते त्या वेळी बरणी उघडण्याचा मान त्याला मिळतो. हाच मुलगा पुढे येशूसंघीयांच्या सांता क्लारा विद्यापीठात प्राध्यापक झाला. पण पुस्तकात त्या यशाची फुशारकी नाही. ते संपते सरहद्द-पोलीस त्याला वर्गातून घेऊन जातात तेथे.

१९९६ हे वर्ष या इतिहासात विशेष लक्षात ठेवावे असे आहे. लॅटिनो लेखक आणि चित्रकार यांच्या उत्तम बालसाहित्यासाठी अमेरिकेतील ग्रंथपालांनी त्या वर्षी एक पुरस्कार सुरू केला. ओरालिया गार्सा दे कोर्तेस आणि सांद्रा रिओस बाल्देरामा या दोन ग्रंथपाल-भगिनींनी त्यासाठी नेट धरला होता. पुरस्काराला नाव दिले पूरा बेल्प्रे यांचे. त्या १९८२ साली निवर्तल्या होत्या. आणि जी कादंबरी हस्तलिखित स्वरूपात राहिली असे आम्ही वर म्हटले, ती ‘काजव्यांचा उन्हाळा’ या अर्थाच्या नावाने ह्यूस्टनच्या त्याच संस्थेने १९९६ सालीच प्रसिद्ध केली. लिहिल्यानंतर सुमारे अर्धशतकाने आणि लेखिकेच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी तिला वाचक लाभले. ज्या बाईने इतरांसाठी फळी मोकळी केली, तिचे स्वतःचे पुस्तक त्या फळीवर यायला एवढा काळ लागावा, यातच या साऱ्या इतिहासाचे मर्म आहे.

त्यानंतरच्या पुस्तकांपैकी काहींचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पॅम मुन्योस रायन यांची ‘एस्पेरान्साचा उदय’ ही २००० सालची कादंबरी त्यांच्या आजीच्या आयुष्यावर बेतलेली आहे. मेक्सिकोतील श्रीमंत जमीनदाराची मुलगी वडिलांच्या हत्येनंतर आईसह कॅलिफोर्नियातील मजूरवस्तीत येते. झाडू कसा मारावा हेही तिला ठाऊक नसते; आई आजारी पडल्यावर तीच मजुरी करू लागते. महामंदीच्या त्या काळात संपकरी मजुरांबरोबर अमेरिकेचे नागरिक असलेल्यांनाही पकडून मेक्सिकोत धाडण्यात आले, हे सत्य मुलांना या पुस्तकातून कळते. हुलिया आल्वारेस यांची ‘आम्ही स्वतंत्र होण्यापूर्वी’ ही २००२ सालची कादंबरी त्रुहियोच्या हुकूमशाहीच्या अखेरच्या दिवसांतील बारा वर्षांच्या अनितेची आहे. घरात कुजबुजीने बोलावे लागते, एकामागून एक नातलग देश सोडून जातात आणि मुलीला हळूहळू उमगते, की आपले वडील कोणत्या संकटात उभे आहेत.

आपल्या धर्मसभेशी थेट निगडित असा एक प्रसंगही या साहित्यात आला आहे. क्यूबातील क्रांतीनंतर १९६० ते १९६२ या काळात १४,००० हून अधिक मुलांना त्यांच्या आईबापांनी एकट्याने विमानात बसवून अमेरिकेला पाठवले. मायामीतील कॅथलिक सेवासंस्थेने आणि फादर ब्रायन वॉल्श यांनी त्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी घेतली. पुष्कळ मुलांना आईबाप पुन्हा भेटले, पण त्याला काही महिने, काहींच्या बाबतीत वर्षे लागली. २०१० साली या विषयावर दोन कादंबऱ्या निघाल्या. ‘लाल छत्री’ ही क्रिस्टिना दियास गोन्सालेस यांची, आणि ‘हवानापासून नव्वद मैल’ ही एन्रिके फ्लोरेस-गाल्बिस यांची. हे दुसरे लेखक स्वतःच त्या मुलांपैकी एक. मुलांना वाचवण्यासाठी त्यांना दूर लोटावे लागते ही आईबापांची व्यथा, आणि आपल्याला टाकून दिले की काय ही मुलाची शंका, दोन्ही एकाच वेळी खऱ्या असतात. असे सत्य इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात मावत नाही; त्यासाठी कादंबरीच लागते.

या कथांत श्रद्धा आढळते ती प्रवचनाच्या रूपाने क्वचितच. ती स्वयंपाकघरात असते, उशाशी असते. व्हियोला कानालेस यांच्या २००५ सालच्या ‘टकीलातील अळी’ या कादंबरीत टेक्सासच्या सीमेवरील मॅकॅलन गावातील सोफिया शिष्यवृत्ती मिळवून दूरच्या श्रीमंत शाळेत जाते. घरचा अल्तार, नाताळच्या गोठ्यातील पुतळ्या, आयाबायांचे मैतरपण या साऱ्याचा अर्थ तिला तेथे, एकटी असताना उलगडतो. मात्र कॅथलिक वाचकाने एक गोष्ट मोकळ्या मनाने स्वीकारली पाहिजे. या पुस्तकांत धर्मसंस्थेचे चित्र सर्वत्र गोड नाही. निल्डाला ज्या उन्हाळी शिबिरात पाठवतात तेथील धर्मभगिनींची शिस्त जाचक आहे. ‘मँगो स्ट्रीट’मधील लहान मुलीला तिच्या शाळेची धर्मभगिनी विचारते, की तू खरोखर तेथे राहतेस? त्या एका प्रश्नाने मुलीला आपल्या घराची लाज वाटू लागते. त्या भगिनीने तो प्रश्न दुष्टाव्याने विचारला असे लेखिका म्हणत नाही. नकळत लागलेला घाव तेवढा दाखवते. आपल्या शाळांत, आपल्या धर्मग्रामांत गरिबाच्या मुलाला असा एखादा प्रश्न आपणही विचारत नाही ना, हे तपासण्याची संधी अशी पुस्तके देतात. म्हणून ती टाळू नयेत, आवर्जून वाचावीत.

मिळवलेली जागा टिकेलच याचा भरवसा नसतो. २०१० साली ॲरिझोना राज्याने एक कायदा केला आणि त्याच्या आधारे जानेवारी २०१२ मध्ये टूसॉन शहरातील शाळांत चालणारा मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम बंद पडला. काही पुस्तके वर्गांतून उचलून खोक्यांत भरण्यात आली. बाकीची अभ्यासक्रमाबरोबरच बाजूला पडली. ह्यूस्टनमधील काही लेखक-शिक्षकांनी त्याच मार्चमध्ये पुस्तकांनी भरलेली बस टूसॉनला नेली आणि स्वतःला थट्टेने ‘पुस्तकांचे तस्कर’ म्हणवून घेतले. २०१७ साली न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य आणि वंशद्वेषातून आलेली ठरवली. पण पाच वर्षांत त्या शाळांतून किती मुले बाहेर पडली, याचा हिशेब कोणते न्यायालय देणार?

आकडेही बोलके आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे बालसाहित्य केंद्र दरवर्षी नव्या पुस्तकांची मोजदाद करते. २०१३ साली त्यांच्याकडे आलेल्या सुमारे ३,२०० पुस्तकांपैकी लॅटिनो जीवनाविषयीची ५७ आणि लॅटिनो लेखक-चित्रकारांची ४८ होती. सरकारी शाळांत जवळजवळ दर चौथे मूल लॅटिनो असताना शंभरात दोन पुस्तकेही त्यांच्याविषयी नसावीत! त्यानंतर चित्र पालटू लागले. २०१९ सालचे न्यूबेरी पदक मेग मेदिना यांच्या ‘मेर्सी स्वारेस’ या सहावीतील मुलीच्या कथेला मिळाले. आजोबांची स्मृती हळूहळू विझत जाताना एकत्र कुटुंब त्यांना कसे सांभाळते, हा तिचा विषय. २०२२ साली ते पदक दोन्ना बार्बा इगेरा यांच्या कादंबरीला लाभले. पृथ्वी नष्ट झाल्यावर दूरच्या ग्रहावर पोहोचलेली एक मुलगी तिच्यात आजीच्या मेक्सिकन गोष्टी जिवंत ठेवते. २०२१ च्या बेल्प्रे पुरस्काराचे मानकरी अर्नेस्टो सिस्नेरोस यांच्या ‘दुभंगलेला एफ्रेन’मध्ये मात्र आईची परदेशी रवानगी झाल्यावर धाकट्या जुळ्या भावंडांची आई होणारा शाळकरी मुलगा आहे. पदके आली, पण प्रश्न मिटले असे नाही.

रुडीन सिम्स बिशप या विदुषीने १९९० साली म्हटले होते, की पुस्तक मुलासाठी कधी आरसा असते, कधी खिडकी. आरशात त्याला स्वतःचे रूप दिसते, खिडकीतून शेजाऱ्याचे. ज्या मुलाला नुसत्या खिडक्याच मिळतात त्याला आपण कोठेच नाही असे वाटू लागते. ज्याला नुसते आरसेच मिळतात त्याला आपल्याखेरीज कोणीच नाही असे वाटते. दोन्ही मुलांचे नुकसानच.

वाचकहो, आपल्या घरांतही घरची बोली एक, शाळेची भाषा दुसरी आणि पुस्तकांतील जग तिसरेच, अशी मुले वाढत आहेत. त्यांच्यासाठी न्यूयॉर्कच्या त्या ग्रंथालय-सेविकेने केले तेवढे तरी करता येईल. धर्मग्रामाच्या वाचनालयातील मुलांची फळी एकदा नीट पाहावी. कोणाची गोष्ट तेथे आहे आणि कोणाची नाही, हे मोजावे. आजी-आजोबा हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडून एक तरी गोष्ट, त्यांच्याच बोलीत, वहीत उतरवून घ्यावी. पूरा बेल्प्रे यांचेही सारे कार्य अशा एका गोष्टीपासूनच सुरू झाले होते.